सळईला पाजलेलं पाणी

कसबा बावड्यात आमची लोहाराची भट्टी होती आणि घण मी मारायची. त्यात नवल काही नाही, आमच्यात बायकाच घण मारत आल्या. पण सांडशी धरायची नाही आणि पोलादाला पाणी पाजायचं नाही, अशी माझ्या सासऱ्यांची सक्त ताकीद. तापलेलं टोक पाण्यात कधी बुडवायचं ते म्हणे पुरुषांनीच ठरवायचं. मला त्याची भारी चीड यायची.

पंचगंगेच्या डोहात बुडी मारून मासे टिपणारा एक भोई आमचं जुनं गिऱ्हाईक. बांबूच्या नळीला सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून त्यानं बंदूक केलेली, तिच्यातनं पोलादी सळई सुटायची. मासा चुकला की सळई थेट खडकावर. वाकली तर आम्ही सरळ करायचो, बोथटली तर नवं टोक काढून द्यायचो.

एका उन्हाळ्यात ही टोकं मोडायलाच लागली. भोई हातात तुकडा घेऊन आला नि सासऱ्यांवर ओरडला, "मामा, ही पण गेली की! आता शेवटची बारी. न्हायतर मी जातो उद्यमनगरात, लेथवाल्याकडं!"

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, त्या दिवशी बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायला नेसरीला गेलेले. एरवी सांडशी मालक धरायचे, पण टोकाला पाणी पाजायला सासरेच. टोकं मोडायचं खरं कारण मला ठाऊक होतं. टोक तेवढं विझवायचं, विटेवर घासून चकचकीत करायचं. मग मागची धग हळूहळू टोकाकडं सरकते. टोकावर गुळाचा पिवळा रंग चढला की पुन्हा पाणी. घाई केली तर टोक कचकन मोडतं. सासऱ्यांना तो पिवळाच दिसत नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण बोलायची टाप कुणाची?

मी बोलले. "मामा, तुमास्नी रंग दिसंना झालाय. सांडशी माझ्याकडं द्या."

"गप घण मार!"

"घण मारून काय उपेग? गिऱ्हाईक चाललंय, आन् नाव तुमचं जातंय!"

भोई खाली बघायला लागला. सासऱ्यांनी सांडशी माझ्या हातात दिली नाही, जमिनीवर ठेवली. मी उचलली.  नवं टोक काढून तापवलं, विझवलं, घासलं, आणि डोळ्याची पापणी न लववता बघत राहिले. पिवळा चढला. बुडवलं.

भोयानं सळई दारातल्या दगडावर ताकदीनं हाणली. दगडाचा टवका उडाला, टोक जसंच्या तसं.

"मामा, ह्याला म्हणत्यात हात!"

"माझा न्हवं," सासरे म्हणाले. "सूनबाईचा."

असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मालक नेसरीहून आले, भट्टीपुढं आपल्या जागेवर बसले आणि सांडशीला हात घातला.

"ऊठ तितनं," सासरे म्हणाले. "घण घे."

मालकांनी एकदा बापाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग उठले आणि घण उचलला.