अक्कांची चार बोटं

अक्का माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत, थेट गळ्याकडे बघत. तुम्ही समोर उभं राहून नाव, गाव, सात पिढ्या सांगा. अक्कांची नजर तुमच्या कंठमण्यावर. पुढच्या वेळी भेटलात तर चेहरा त्यांना आठवत नसे. पण तुम्ही आवंढा गिळलात की लगेच, "हां, तुम्ही ते करमाळ्याचे मास्तर की!" एका लग्नात म्हणे पंगतीवरून नुसती नजर फिरवून त्यांनी सांगितलं होतं, की नवरदेवाला ही सोयरीक पसंत नाही, जिलबी उतरत नाहीये. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ज्यानं सांगितलं तो माझ्याइतकाच खरं बोलणारा माणूस होता.

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, डोक्याला जबर मार लागलेल्यांच्या वॉर्डात अक्का सिस्टर होत्या. तेलुगू विणकरांच्या घरातल्या. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, पांढरं पातळ, आणि चाल अशी की वॉर्डात त्या शिरल्या की पलंग आपोआप सरळ रेषेत येत. दुसऱ्या वॉर्डांत रोग्याला काय खायला द्यायचं हा प्रश्न असे. इथं द्यायचं की नाही हा प्रश्न. आणि त्याचं उत्तर अक्कांच्या बोटांत होतं. एक बोट हनुवटीखाली, दुसरं त्याच्या जरा मागं, उरलेली दोन कंठमण्यावर. चारी बोटं इतकी हलकी, की माशीनं त्यांच्याकडून बसायला शिकावं. रोग्यानं गिळलं की ती बोटं वर उचलली जात, पुन्हा खाली येत. किती उचलली, किती उशिरा, मध्ये कुठं अडखळली, यावर निकाल. मोठे डॉक्टरसाहेबसुद्धा नाकातली नळी काढायचं लिहिण्याआधी विचारत, "अक्का, काय म्हणतो घसा?"

मी एकदा विचारलं, हे शिकलात कुठं? म्हणाल्या, "आमच्या बापाच्या मागावर. तुटलेला धागा डोळ्याला दिसत नाही रे. बोटाला सापडतो."

मी त्या वॉर्डात होतो तो माझ्या थोरल्या भावापायी. अण्णा अक्कलकोटहून तुरीची पोती भरून येणाऱ्या ट्रकवर, पोत्यांच्या ढिगावर राजासारखा बसला होता. वळणावर पोती घसरली, मागोमाग राजा. डोकं दगडावर. पुष्कळ दिवसांनी त्यानं डोळे उघडले, पण ते डोळे आमच्यातून आरपार बघत होते. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, पोटासाठी नाकातून दुसरी. पलंगाला पाटी: 'तोंडाने काहीही देऊ नये.'

मी भीत नव्हतो. निदान आख्ख्या वॉर्डाला मी तसं ओरडून सांगत होतो. भीती जेवढी मोठी, तेवढा माझा आवाज मोठा. शेजारच्या पलंगाच्या नातेवाइकांना मी आमच्या गावच्या एका पैलवानाची गोष्ट सांगत होतो, ज्याच्या डोक्यावर आख्खी वेस कोसळली आणि तो म्हणाला, कोण रे टपली मारतंय? तेवढ्यात मागून अक्कांचा आवाज आला, "काय बे रेडिओ, जरा बंद हो की. मला पेशंटचा घसा ऐकू येईना." तेव्हापासून त्या वॉर्डात माझं नाव रेडिओ.

अक्कांना ऐकायचं असे ते घशातून येणारं ओलं, घुरघुरणारं काहीतरी. चमचाभर दिल्यावर त्या कान गळ्याजवळ नेत आणि हात वर करत. हात वर गेला की झाडूवाला झाडू थांबवी, मी श्वास थांबवी. त्यांचे दोन नियम मला आजही पाठ आहेत. पहिला, "आडवा माणूस गिळत नाही, त्याच्या घशातनं नुसतं वाहतं. आधी उठवून बसवा." दुसरा ऐकून तर आमची अव्वा, म्हणजे आई, चाटच पडली. "पाणी सगळ्यात लबाड. घट्ट पेज शहाणी. पाणी शेवटी."

अव्वाचं दुःख एकच होतं. नळीतून जातं ते काय अन्न? "जिभंला चव न्हाय, दाताला काम न्हाय. लेकरू उपाशी हाय माजं," असं ती येईल त्याला सांगायची. अशात अक्का तीन दिवस लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या, आणि त्याच दिवशी आमची मावशी अक्कलकोटहून मठातलं तीर्थ घेऊन आली. पितळेच्या गडूत, वर तुळस.

पाटी तीर्थाला लागू आहे का, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. तीर्थ हे काही खाणं नव्हे, असा निकाल मीच दिला. आणि मीच पळीनं ते अण्णाच्या तोंडात घातलं. ठसका नाही, खोकला नाही, काही नाही. गेलं! अव्वानं हात जोडले. मला तर चेवच आला. संध्याकाळी पुन्हा पळीभर तीर्थ. दुसऱ्या दिवशी ताक. तिसऱ्या दिवशी जरा जास्त ताक. सगळं गपगुमान आत. मी वॉर्डभर सांगत सुटलो, की आमचा अण्णा आता आठवड्यात कडक भाकरी चावणार.

चौथ्या दिवशी सकाळी अक्का आल्या. मी दारातच गाठलं. "अक्का, तुमच्या बोटांवाचून अण्णा गिळायला लागला! तीन दिवस तीर्थ-ताक पितोय. एक ठसका नाही बघा."

अक्कांनी पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"एकही नाही?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही," मी छाती काढून म्हणालो.

त्या झपाझपा पलंगाशी गेल्या. अण्णाला उठवून बसवलं, ओल्या कापडानं तोंड आतून पुसलं. मग कपाटातून एक बाटली आणली आणि निळ्या औषधाचे थेंब त्याच्या जिभेवर टाकले. चार बोटं गळ्यावर ठेवली. बोटं थोडीशी उचलली गेली, खूप उशिरा. अक्का थांबल्या. मग गळ्यातल्या नळीत आतलं ओढून काढायची सक्शनची बारीक नळी घातली आणि मशीन चालू केलं.

काचेच्या बाटलीत निळं आलं.

फिकट नाही. धुण्याच्या बादलीत नीळ विरघळते, तसं निळं. पोटात जायचं ते श्वासाच्या वाटेनं बाहेर येत होतं. आणि अण्णा शांत बसला होता. खोकत नव्हता. डोळे मिटून झोपायच्या बेतात.

"ठसका म्हणजे राखणदाराची बोंब असते, रेडिओ," अक्का हळू म्हणाल्या. "डोक्याला मार लागला की राखणदारच झोपतो. चोर आत जातो, घर गप्प. खोकणाऱ्या पेशंटला मी भीत नाही रे. गप गिळतो, त्याला भिते."

मला बोलायचं होतं. मी, ज्यानं आयुष्यात कधी तोंड मिटलं नव्हतं. माझा आवंढा मध्येच अडकला आणि अक्कांनी तो पाहिला.

अण्णाला दुपारपासून ताप भरला. छातीत ताक आणि तीर्थ साचलेलं. पुढचे नऊ-दहा दिवस मी अतिशयोक्ती न करता सांगतो, आणि माझ्या तोंडून हे शब्द क्वचितच येतात. त्याची छाती भात्यासारखी वर-खाली व्हायची. मी ते श्वास मोजायचो. आकडा चुकला की नव्यानं मोजायचो. एकदा ती थांबल्यासारखी वाटली आणि मी ओरडलो, तर अण्णानं फक्त लांब श्वास घेतला होता. अव्वा पलंगाच्या पायाशी बसून असायची. एकदा तिनं अक्कांना विचारलं, "तीर्थानं बादलं का वो? माज्या भनीनं आणल्याल्या?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. आता अक्का माझं नाव घेणार. घ्यावं, असंही वाटत होतं.

"तीर्थानं नाही अव्वा," अक्का म्हणाल्या. "घसा तयार नव्हता. तीर्थ कपाळाला लावा, ओठाला बोट लावा. आत सोडायचं ते मला विचारून."

एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

ताप उतरला. अण्णा वाचला, हाडांचा सापळा होऊन. मग अक्कांनी रोज सकाळी त्याचा घसा जागवायला घेतला. बर्फात बुडवलेला रिकामा चमचा जिभेवर दाबायचा, थांबायचं, बोटं गळ्यावर. "गिळ रे राजा, थुंकी गिळ. तुझीच आहे, फुकटची." काही दिवसांनी पुन्हा निळे थेंब. पुन्हा निळं, जरा कमी. मी त्या दिवशी जिन्यात जाऊन बसलो. तिसऱ्यांदा थेंब टाकले तेव्हा अक्कांनी सकाळपासून दुपारपर्यंत चार वेळा सक्शन केलं. चारी वेळा पांढरं. त्यांनी बाटली खिडकीशी उजेडात धरली, साहेबांना दाखवली, साहेब मान हलवून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वानं घरून ज्वारीची घट्ट आंबील आणली, अक्कांनी ती दोनदा गाळली.

आणि मग चमचा माझ्यापुढं केला. "घे. तू भरव."

"मी नाही," मी मागं सरलो. "अक्का, तुम्ही द्या. अव्वा देईल. मी नाही."

"का?"

"भीती वाटते."

अव्वा माझ्याकडे बघत होती. तो ताप कुणाच्या पळीनं आला होता, ते तिला त्या दिवशी कळलं असावं.

"म्हणून तर तू," अक्का म्हणाल्या. "न भिणाऱ्याच्या हातात मी चमचा देत नाही."

पहिल्या चमच्यातली अर्धी आंबील अण्णाच्या बनियनवर सांडली. उरलेली अर्धी जिभेवर ठेवली. अक्कांनी माझा डावा हात धरून माझीच चार बोटं त्याच्या गळ्यावर नेऊन ठेवली. काही झालं नाही. काहीच झालं नाही. मग बोटांखाली काहीतरी सरकलं, वर उचललं गेलं, आणि खाली आलं.

"आता?" मी विचारलं.

"आता थांब. बघ. मग दुसरा."

ती पाव वाटी आंबील संपायला दुपारचे तीन वाजले. अव्वानं मधून एकदा माझ्या तोंडात भाकरीचा तुकडा घातला, तोही मी तिथंच उभ्यानं, सावकाश गिळला.

पुढं कितीतरी आठवड्यांनी, दोन्ही नळ्या निघून अण्णा धरून चालायला लागल्यावर, आम्ही घरी निघालो त्या दिवशी अक्का दुसऱ्या टोकाच्या पलंगाशी होत्या. नातेपुते गावचा कुणी माणूस होता, त्याच सकाळी आलेला. मी अण्णाला धरून जवळ गेलो, म्हणालो, "अक्का, निघतो." त्यांचा एक हात त्या माणसाच्या गळ्यावर होता. दुसरा त्यांनी वर केला: गप्प. झाडूवाला थांबला. मी थांबलो. अण्णाही थांबला. वॉर्डभर कुणी हललं नाही. त्या माणसानं गिळायची वाट बघत आम्ही तिथं किती वेळ उभे होतो, ते मला खरंच सांगता येणार नाही. मग टांगेवाल्यानं खालून हाक मारली आणि आम्ही, पावलांचा आवाज न करता, बाहेर पडलो.