जानकी भोगले आणि छप्पन्न पहाऱ्यांची यादी

"फुकट गावलेली वस्तू जास्त जपूची लागता. बिघडली तर गाळी घालूक कोण गावना नाय," असं जानकी भोगले एकदा म्हणाली होती.

वस्तू म्हणजे सॉफ्टवेअर, कागदपत्रं सांभाळायचं. जगभर विखुरलेल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी ते लिहिलंय. कोणीही घ्यावं, आतून उघडून बघावं, हवं तसं बदलावं. खरं तर ते हजारो नोकरांच्या कंपन्यांसाठी केलेलं. जानकीनं ते कट्टा आणि धामापूर यांच्या मधल्या एका गावात, देवळामागच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात बसवलं. एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरचं इथे काय काम, असं कोणी विचारलं तर ती विचारणाऱ्याला देवस्थानाच्या एका सभेला बसवते. पुन्हा तो माणूस विचारत नाही.

जानकी त्रेचाळीस वर्षांची. मुंबईत एका विमा कंपनीच्या दप्तरात तिनं चौदा वर्षं काढली. आई गेली, घरी बाबा एकटे राहिले, तेव्हा ती नोकरी सोडून आली. बाबा निवृत्त शिक्षक. निम्म्या गावाला त्यांनी मुळाक्षरं गिरवायला लावली, म्हणून गावाला ते गुरुजी. जानकीनं लग्न केलं नाही. का, म्हणून विचारणाऱ्या बायकांना ती सांगते, "वेळ गावलो नाय गो." बायका तेवढ्यावर थांबत नाहीत, पण जानकी थांबते.

देवस्थानात ती अर्धा दिवस कारकून म्हणून लागली तेव्हा सगळे कागद एका फणसाच्या लाकडाच्या कपाटात होते आणि आजवर ते फक्त वाळवीनं नीट वाचले होते. जुन्या कागदांबद्दल गहिवरून बोलणारी माणसं गावात बरीच. त्यांतल्या एकानंही ते कपाट दहा वर्षांत उघडलेलं नव्हतं.

सगळ्यांना वाटलं, आता ही सकाळ-संध्याकाळ स्कॅन करत बसणार. पहिला महिनाभर तिनं एकही कागद स्कॅन केला नाही. एक वही घेऊन ती दारापाशी बसली आणि कोण येऊन कुठला कागद मागतो ते लिहीत राहिली. महिन्यात एकशे दहा माणसं आली. त्यांतली सत्तर तीनच कागद मागत होती: देवळाच्या जागेचा नकाशा, जत्रेतल्या दुकानांच्या जागा, आणि सप्त्याच्या पहाऱ्यांची यादी. ते तीन आधी आत गेले. बाकीचं सावकाश.

दुसरं, नोंदीचा तक्ता. तो विश्वस्त मंडळातल्या सर्वेशनं उत्साहानं करून आणला होता. एका कागदामागे एकोणीस रकाने. जानकीनं पाच ठेवले. वर्ष, वाडी, विषय, कागद कोणाचा, आणि मूळ प्रत कुठल्या खणात.

"अगो पण माहिती जास्त असलेली बरी मा?" सर्वेश हिरमुसला.

"सहाव्या रकान्यापासून माणूस खोटा लिवूक लागता," जानकी म्हणाली.

फायलींची नावंही तिनं बदलली. आधी 'यादी फायनल', 'यादी फायनल नवी' आणि 'यादी फायनल भाई' अशा तीन याद्या होत्या आणि तिन्ही चुकीच्या होत्या. आता नावाच्या सुरुवातीला वर्ष, मग महिना, मग तारीख. आपोआप ओळीनं लागतात, शोधणाऱ्याला डोकं लागत नाही.

खरा तंटा झाला अधिकारांवरून. कोणी नुसतं बघायचं, कोणी बदलायचं, कोणी काढायचं, हे अशा सॉफ्टवेअरमध्ये आधी ठरवावं लागतं. आणि या गावात मानकरी बारा. पालखीपुढे कोण, नारळ आधी कोणाला, प्रसादाचं पहिलं पान कोणाचं, हे तीनशे वर्षांपूर्वी ठरलेलं आणि दर वर्षी नव्यानं भांडून पक्कं केलेलं. अध्यक्ष भाई वाईरकर पहिल्या मानाचे. त्यांच्या कानावर आलं की सगळ्यात वरचा अधिकार 'ॲडमिन' नावाच्या कोणाला असतो आणि तो कोणीतरी म्हणजे जानकी.

"अध्यक्ष मी, आणि वरती तू?"

"वरती नाय ओ भाई. मागे. बागेच्या गडग्यामागे राखणेक बसतत तशी."

"माका सगळा दिसूक होया."

"दिसता तुमका सगळा."

"आणि बदलूक?"

"काय बदलतलास?"

"बदलतलंय नाय गो काय. पण बदलूक येता, असा असाक होया."

जानकीनं त्यावर दोन दिवस विचार केला. मग 'मानकरी' नावाचा एक गट केला. त्याला सगळं दिसायचं आणि काहीच बदलता यायचं नाही. तो गट यादीत सगळ्यात वर ठेवला, स्वतःच्याही वर, आणि आत बारा नावं मानाच्या क्रमानं लावली. भाईंनी पडद्यावर बघितलं. आपलं नाव पहिलं. बाकीच्यांनी आपापला क्रम मोजला. बदलायच्या अधिकाराचा विषय तिथेच मिटला. बाहेरून कोणी शिकायला आलं की ती हेच सांगते. अधिकार कामाप्रमाणे द्यायचा, मान मानाप्रमाणे. आणि दोन्ही एकाच जागी मागणाऱ्याला आधी चहा द्यायचा.

शिकवताना ती स्वच्छ प्रमाण मराठीत बोलते. आवाज चढला की मालवणीत येते. त्यामुळे शिकणाऱ्याला आपण कुठे चुकलो ते आपसूक कळतं.

नवी आवृत्ती आली की लगेच चढवायची नाही. आधी जुन्या संगणकावर लावून आठवडाभर रगडायची. जत्रेच्या आणि सप्त्याच्या महिन्यात तर तिकडे बघायचंसुद्धा नाही. आपण सॉफ्टवेअरमध्ये जे जे हलवलं ते तारखेसकट वहीत लिहायचं, कारण सहा महिन्यांनी आपणच आपल्याला परके असतो. अडलं तर ते बनवणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर विचारायचं, पण 'चालत नाही' एवढंच लिहायचं नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, तिन्ही लिहायचं. एकदा तिला तिथे दूरच्या कुठल्या तरी देशातल्या माणसानं पंधरा मिनिटांत उत्तर दिलं. पंचायतीतून तिला अजून एका पत्राचं उत्तर यायचंय.

सगळ्याच्या तीन प्रती. एक कार्यालयात, एक घरी, एक जामसंड्याला मावशीच्या कपाटात साड्यांखाली. दर संकष्टीला, उपास सोडायच्या आधी, जुन्या संगणकावर त्यातली एक प्रत उघडून बघायची. "उघडून बघितली नाय ती प्रत न्हय. तो आपलो विश्वास," असं तिचं म्हणणं.

बाबांना तिनं कामाला लावलं ते मोडी लिपीसाठी. सप्त्याच्या जुन्या वह्या मोडीत, आणि संगणक मोडी वाचत नाही. बाबा एकेक पान वाचायचे आणि त्याखाली दोन ओळींत सार टंकायचे, एका बोटानं, शब्द पुरा झाला की मान वर करून. त्यासाठी त्यांना सप्त्याच्या सगळ्या फायलींत लिहायचा अधिकार दिलेला होता.

"बापूस म्हणून दिलंस काय?" सर्वेशनं टोमणा मारला.

"मोडी येता म्हणून दिलंय. तुका येता? दितंय."

आता सप्त्याबद्दल. सात दिवस भजन थांबत नाही. दिवसाचे आठ पहारे, सात दिवसांचे छप्पन्न, आणि प्रत्येक पहारा एकेका घराचा. त्या घरच्या पुरुषानं टाळ घेऊन तीन तास उभं राहायचं. बाकीचे बसून साथ देतात, बायकाही. चौथ्या दिवशी दुपारी दोन ते पाच हा पहारा भोगल्यांचा. जानकी फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून बाबांच्या बाजूला बसून टाळ धरत आली. मुंबईत असतानाही तिनं वर्षाची सगळी रजा त्या आठवड्यासाठी राखली. तिला गावाकडून एकच गोष्ट हवी होती, बाबांनंतर तो पहारा तिनं उभं राहून करायचा. हे तिनं कधी कोणाला विचारलं नाही. नाही म्हणाले तर काय, याची तिला भीती होती, आणि ती या बाईला शोभणारी नव्हती म्हणून ती कोणाला दिसलीही नाही.

यंदा सप्त्याला बारा दिवस असताना फळ्यावर लावायची यादी छापायला मंडळ सकाळी अकराला जमलं. बाबाही आले होते, खिडकीजवळच्या बाकावर बसले. भाईंनी कच्च्या छापील प्रतीवर बोट फिरवत मोजलं, मग पुन्हा मोजलं.

"पंचावन्न. छप्पन होये."

"चौथो दिवस, दोन ते पाच. रिकामो," सर्वेश वाचून म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं कोणाचा ते.

सगळे जानकीकडे बघायला लागले. तिचा चेहरा उतरला होता, पण तोंड शाबूत होतं.

"फुकटातला सॉफ्टवेअर," सर्वेश म्हणाला. "तीन वर्सां बोंबलतंय मी. खाल्ल्यान एक घर."

"सॉफ्टवेअर घरां खायत नाय, सर्वेश. माणसां खातत."

ते त्याला झोंबलं. त्याच्या घराला पहारा नव्हता, आणि एखादा मिळावा म्हणून तो अर्जावर अर्ज करत होता. भाईंनी एकदा त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"माझ्याकडे काय बघतास? माका लिवूचो अधिकारच नाय!" तो ओरडला.

"थांबा," जानकी म्हणाली, आणि प्रमाण मराठीत आली. "इथे काहीच पुसलं जात नाही. प्रत्येक बदलाआधीची प्रत राहते. बदल कोणी केला आणि कधी केला तेही राहतं. आणि कारण लिहिल्याशिवाय बदल जतनच होत नाही, हे मी मुद्दाम लावलंय. बघूया."

तिनं फाईल उघडली. प्रोजेक्टरमधून भिंतीवर आधीच्या प्रतींची यादी आली. सगळ्यात वरची ओळ दहा दिवसांपूर्वीची. नाव, बाबा भोगले. कारण, 'पुढे कोण नाही.'

भाई बाकाकडे वळले.

"गुरुजी, ह्या तुमी केलास?"

"केलंय. कारण लिवलंय मा?" बाबा म्हणाले. "जानकी म्हणता, कारण लिवल्याशिवाय कायव बदलू नये."

"पण कित्याक?"

"वय शहात्तर, भाई. गेल्या वर्सा दोन तास झाले आणि खांबाक टेकलंय. तुमी कोणी बघूक नाय, का बघून गप रवलास, माका ठाऊक नाय. माझ्यामागसून कोण? हिका उभी करतलास काय, ह्या मी विचारूचा आणि तुमी सगळ्यांनी जमनीकडे बघूचा. ता माका बघूचा नाय होता. त्यापेक्षा घर काढलेला बरा."

आणि त्यांनी सांगितलं तसंच झालं. सगळे जमिनीकडे बघायला लागले. जमीन बरी होती, नव्या लाद्यांची.

"मगे तो पहारो आमका..." सर्वेश म्हणाला.

"तू गप," भाई म्हणाले. मग, "जानके, जुनी यादी परत आण."

"मी नाही आणू शकत. आपल्या घरच्या कागदाला आपण हात लावायचा नाही." तिनं दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं. "या एका फायलीपुरता बदलाचा अधिकार तुम्हाला दिलाय. तुमच्या नावानं आत जा." ती उठली आणि मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

भाई खुर्चीत बसले.

"खंय दाबू?"

"उजवीकडे. आधीची प्रत."

भाईंनी दाबलं. चौकट आली आणि थांबली.

"कारण होया म्हणता."

"चुकान गेल्ला, असा लिवा," सर्वेशनं वाट काढून दिली.

"चुकान जावक नाय. काढलेला आसा," भाई म्हणाले. त्यांनी खुर्ची वळवून सगळ्यांवरून नजर फिरवली. "ह्या घराचो पहारो फुडे जानकी करतली, उभी रवान. कोणाची हरकत?"

भाईंनी एकेकाचं नाव घेऊन विचारलं, आणि एकेकाला 'नाय' असं तोंडानं म्हणावं लागलं. शेवटी सर्वेश उरला.

"माझी कित्याक हरकत? टाळ माझ्यापेक्षा बरो वाजयता ती. पण माझो अर्ज..."

"तुझो अर्ज आसा थंय आसा."

भाई पुन्हा पडद्याकडे वळले आणि एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'पुढे आसा.'

"'आहे' लिही," बाकावरून गुरुजी म्हणाले. "कार्यालयीन कागद आहे."

"गुरुजी, तुमी आता गप रवा," भाई म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

भिंतीवर छप्पन्न ओळी आल्या. चौथा दिवस, दोन ते पाच, भोगले. काम संपलं की बाहेर पडा, खातं उघडं ठेवू नका, असं जानकी प्रत्येकाला प्रत्येक वेळी सांगते. भाई ते ऐकायला थांबले. बाकीचेही थांबले. जानकी भिंतीवरच्या त्या एका ओळीकडे बघत होती; सांगायचं ती पहिल्यांदाच विसरली, आणि भाईंचं खातं उघडंच राहिलं.

जानकीनं खुंटीवरची पिशवी काढली, बाबांच्या बाकावरून पुढे गेली, उंबऱ्याबाहेर चपला पायांत सरकवल्या आणि मागे न बघता चालू लागली.