खोबरेल प्यालेलं यंत्र

आखातातल्या बरका गावच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करणारे रत्नागिरीचे भाई गिऱ्हाइकाशी कमी आणि यंत्राशी जास्त बोलतात. आमच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी मी हँडल फिरवून गणितं करणारं एक जुनं यंत्र मिळवलं होतं, आणि ते ऐनवेळी अडकलं. हेडबाई म्हणाल्या, “‘हात लावू नये’ अशी पाटी लावा.” पण मुलांनी ते फिरवावं म्हणूनच तर मी ते आणलं होतं. प्रदर्शनाच्या सकाळी मी ते भाईंकडे नेलं.

त्यांनी आधी वास घेतला. “खोबरेल कुणी ओतलं?”

“मी.”

“टीचर, हे काय तुमचं डोकं आहे?” मग यंत्राला म्हणाले, “थांब बाबा, आंघोळ घालतो तुला.”

आतल्या चाकांचा चिकटलेला एकेक दात त्यांनी रॉकेलने धुतला. समोरचा चहा गार झाला. शेवटी शून्यातून एक वजा करायला त्यांनी हँडल उलटं फिरवलं. आकड्यांच्या सगळ्या खिडक्यांत नऊ आले आणि शून्याखाली गेल्याची घंटा खणखणीत वाजली.

“खलास! आता पोरांना फिरवू दे.”

दुपारी मुलांची रांग दाराबाहेर गेली. टेबल डुगडुगत होतं, म्हणून ‘हात लावू नये’ ही पुठ्ठ्याची पाटी मी घडी घालून त्याच्या पायाखाली सारली.