एक गोळी कमी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा बावीस वर्षांचा एकच हेका होता. दुरुस्त झालेल्या लिफ्टमध्ये त्यांच्याआधी कुणी पाऊल ठेवायचं नाही. दोर बदलला, ब्रेक आवळला, की मिस्त्री एकटेच आत शिरत, सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत जाऊन खाली येत आणि चिंधीने हात पुसत म्हणत, "चला, बसा आता." एकदा एका बड्या साहेबांना त्यांनी आठ मजले जिन्याने चढायला लावले. साहेब फणफणले, पण मिस्त्री ढिम्म. एरवी माणूस गरीब गाय, या एका बाबतीत मात्र कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

आणि नेमकी अशाच माणसाच्या लेकीला रक्ताच्या आजाराने गाठावं! लेक दहा वर्षांची, पण बोलणं इतकं पोक्त की घरात तिचं नावच आजीबाई पडलेलं. दीड वर्ष औषधं झाली. मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, की चालू औषधांनी आता हात टेकलेत. ती चालूच ठेवायची, पण जोडीला एक नवं औषध देता येईल. ते अजून संशोधनात आहे. मुलीला त्यात घालायचं की नाही, हे तुम्ही ठरवा, सक्ती कसलीच नाही. आणि त्यांनी सोळा पानांचा कागद हातात ठेवला.

मिस्त्रींनी पंधरा पानांवरून नजर फिरवली आणि धोक्यांचं पान तेवढं पाठ होईस्तोवर वाचलं. इकडे आड, तिकडे विहीर. चार दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, नुसतं बघत बसण्यापेक्षा करू या." सह्या झाल्या. आजीबाई तेव्हा तापाने फणफणलेली होती, त्यामुळे तिच्या वतीनेही आईबापांनीच मान डोलावली.

बाटली घरी आली. गोळ्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करायच्या होत्या. बायको पोरीला अंघोळ घालत होती तेवढ्यात मिस्त्रींनी बाटली उघडली, एक गोळी काढली आणि घटाघटा पाणी पिऊन स्वतःच गिळली. मग स्टुलावर बसून मनगटावर बोट ठेवून नाडी मोजत राहिले. दिवसभर कामही केलं. काही झालं नाही. दुसऱ्या सकाळी मोठ्या ऐटीत लेकीच्या हातावर गोळी ठेवून म्हणाले, "घे बाळा, काही होत नाही."

दोन आठवड्यांनी दवाखान्यात सिस्टरनी उरलेल्या गोळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"एक कमी आहे. सांडली का?"

"नाही," मिस्त्री सरळ म्हणाले, "मी खाल्ली. पोरीला द्यायच्या आधी बघायला नको?"

सिस्टरनी आतल्या खोलीकडे हाक मारली. डॉक्टरीणबाई धावत आल्या. "अहो, तुम्ही धडधाकट. तुम्हाला काही झालं नाही म्हणून तिला होणार नाही असं कुठे आहे? आणि कागदात लिहिलंय की, निम्म्या बाटल्यांत औषधच नाही. नुसत्या तशाच दिसणाऱ्या गोळ्या. तुमच्या बाटलीत काय आहे, हे मलासुद्धा माहीत नाही."

मिस्त्रींच्या पायाखालची जमीन सरकली. आपण कसली परीक्षा घेतली आणि कुणाला पास केलं, काही कळेना. बायको भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मला विचारलंत तरी? तुमचंच काही बरंवाईट झालं असतं, तर मी कुणाकुणाच्या उशाशी बसले असते?"

झाला प्रकार वर कळवणं भाग होतं. आजीबाईला ठेवायचं की काढायचं, ते संशोधनावर देखरेख करणारी समिती ठरवणार. नऊ दिवस मिस्त्री कामावर जात होते, पण पाना हातात धरून नुसते उभे राहत. आपल्या शहाणपणापायी लेकीचा शेवटचा दरवाजा बंद झाला, हा एकच विचार डोक्यात घोळत असायचा.

दहाव्या दिवशी निरोप आला. ठेवता येईल, पण सगळं नव्याने समजावून, नव्याने सह्या घेऊन. आणि या वेळी मुलीला विचारल्याशिवाय नाही.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून थेट आजीबाईसमोर घेतली. "तुला काही विचारायचंय?"

"आधी किती मुलांनी घेतलंय हे?"

"अकरा. मागच्या टप्प्यात, तेव्हा सगळ्यांना खरंच औषध दिलं होतं."

"बरी किती झाली?"

"चार."

मिस्त्री चरकले. सोळा पानं घरात पडून होती, पण हा प्रश्न त्यांच्या डोक्यातही आला नव्हता.

"आणि बाकीची?"

"तिघांचे उपचार चालू आहेत." डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "चौघं गेली."

आईचा हात पोरीच्या कानांकडे गेला, पण उशीर झाला होता. दीड वर्षात मरणाचा शब्द तिच्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. आजीबाई रडली नाही. तिने वडिलांकडे मान वळवली.

"बाबा, काही होत नाही म्हणालास, ते गोळीचं की माझं?"

खोटं बोलायला मिस्त्री तयार होते, पण जीभच वळेना.

"गोळीचं," ते म्हणाले. "तुझं मला माहीत नाही गं."

"असं आधीच सांगायचं ना," आजीबाई म्हणाली आणि तिने पेन मागितलं. शाळेतल्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं, खाली रेघही मारली आणि कागद वडिलांकडे सरकवला.

मिस्त्रींची सही रेघ सोडून पार खाली गेली. सिस्टरनी दुसरा कागद आणला, आणि आजीबाईने त्यावर आपलं नाव पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.