एका दिवसाचं कौतुक

ब्रेकबाईंचा उजवा बूट डाव्याच्या कितीतरी आधी झिजतो. गाडी शिकवायच्या मोटारीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकवर बाईंचा पाय गेली तीसेक वर्षं ठाण मांडून बसला आहे. नवे बूट घ्यायला गेल्या की त्या दरवेळी विचारतात, नुसता उजवा मिळेल का. दुकानदार दरवेळी नाही म्हणतो, बाई दरवेळी वाद घालतात आणि शेवटी जोडच घेऊन येतात. घरी माळ्यावर धडधाकट डाव्या बुटांचं एक खोकं भरलं आहे. ते टाकायचं नाव काढलं तरी त्यांना राग येतो.

बाईंचं बोलणंसुद्धा गिअरवर चालतं. गाडी उभी असेल तर समोरचा माणूस ‘अहो’, मग तो कालचं पोर का असेना. गाडी हलली की त्याच क्षणी ‘अरे’ किंवा ‘अगं’. बँकेचे साहेब असोत नाहीतर डॉक्टरीणबाई, पहिला गिअर पडला की सगळ्यांचा मान गाडीखाली उतरतो. "अगं, आरशात बघ. स्वतःला नाही, मागच्या ट्रकला." तोंडाचा पट्टा असा चालतो की सिग्नलला शेजारी थांबलेले स्कूटरवालेही आपापले आरसे नीट करतात. पण इंजिन बंद झालं की बाईही बंद. मघाशी ज्याला सळो की पळो करून सोडलं त्यालाच त्या चहा विचारतात, आणि नुसता विचारत नाहीत, पाजतातही. म्हणून तर माणसं त्यांच्याकडे येत राहतात.

कौतुक मात्र चुकूनही नाही. कौतुक केलं की माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो आणि तिथून त्याचा पाय क्लचला पोचत नाही, असं त्यांचं ठाम मत. बाई सलग दोन चौक गप्प बसल्या तर शिकणारा घरी जाऊन सांगतो की आज फार छान झालं.

फोन हातात आला तेव्हापासून त्यांचा उत्साह दुप्पट झाला. गाडीत जे सांगायचं राहून जायचं ते आता बोलून पाठवता येऊ लागलं. दुपारी गाडी सावलीत लावून बाई प्रत्येकाला त्याच्या त्या दिवसाच्या चुका रेकॉर्ड करून धाडायच्या. कॉलेजातल्या एका मुलीने त्यातला एक तुकडा सकाळचा गजर म्हणून लावला होता. आपल्या आवाजाने माणसं वेळेवर उठतात हे कळल्यावर बाई खूश झाल्या होत्या.

एवढ्या लोकांना रस्त्याला लावणाऱ्या या बाईंच्या पोटच्या पोराला मात्र गाडी येत नाही. तो कॉलेजात असताना आईकडे शिकायला बसला, तिसऱ्या चौकात दार उघडून उतरला, आणि तेव्हापासून जो बसने फिरतोय तो आजतागायत. गाडीची हौस घरात आणली ती सुनेने. सासू-सुनेचं स्वयंपाकघरात उत्तम जमायचं, कारण तिथे गिअर नव्हते. पण सुनेला एका लॅबमध्ये घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम मिळालं. गाडी लॅबची, चालवायची हिने, शिकवायची बाईंनी. लायसन्स लागणार होतं, आणि ती परीक्षेत दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा चढावरच. अर्ध्या चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरू देता पुन्हा वर न्यायची, तिथे तिचा पाय लटपटायचा आणि गाडी मागे यायची. लॅबवाल्यांनी निरोप दिला होता की पुढच्या परीक्षेपर्यंत जागा ठेवतो, मग नाही. सुनेला ते काम मनापासून हवं होतं. लग्नाआधीपासून ती हेच शिकलेली, आणि घरी बसून तिला कंटाळा आला होता.

अशात एका दुपारी बाईंना सुनेची एक जुनी चूक मुलाला ऐकवायची होती. आपण बजावलं होतं याचा पुरावा म्हणून. त्यांनी सुनेबरोबरच्या गप्पा उघडल्या, तर तिथे कालचे दोन संदेश आणि वर सगळं साफ. इतक्या दिवसांची शिकवण झाडून नेल्यासारखी गेली होती. सगळ्यात वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की इथले संदेश एका दिवसाने आपोआप नाहीसे होतील, आणि ही सोय चालू कुणी केली तर सुनेने.

बाईंना ते फार लागलं. पुढचे दोन दिवस बिचाऱ्या शिकणाऱ्यांचे हाल झाले. रिकाम्या रस्त्यावरही ब्रेक लागत होता. मुलाला त्यांनी आडून विचारून पाहिलं, तर तो म्हणाला की मला तुमच्या दोघींच्या मध्ये घेऊ नका, माझ्याकडे लायसन्स नाही.

शेवटी चढावरच विषय निघाला. सुनेची गाडी पुन्हा मागे घसरली, बाईंनी आपला ब्रेक दाबला, मग हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद करायला लावलं. गाडी उभी होती, त्यामुळे अहो.

"अहो, माझं बोलणं तुम्हाला एका दिवसापेक्षा जास्त घरात नको झालंय का?"

सून या घरात राहून बरंच काही शिकली होती. खोटं बोलली नाही.

"आई, मी ते सगळे संदेश झोपायच्या आधी ऐकायचे. सकाळी उठून पुन्हा ऐकायचे. मग इथे चढावर आले की मला दोन-दोन तुम्ही ऐकू यायच्या. एक शेजारच्या आणि एक मागच्या आठवड्यातल्या. शेजारच्यांचं मला काही वाटत नाही. तुम्ही ओरडता आणि लगेच चहा विचारता. फोनमधल्या तुम्ही चहा विचारत नाही."

आपला राग पोळेल इतका गरम निघतो पण लगेच निवतो, याचा बाईंना अभिमान होता. तोच राग कुणी फोनमध्ये जपून ठेवतं आणि रोज रात्री पुन्हा गरम करून खातं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्या जे करतात तेच त्यांनी केलं. "चहा घेऊ," म्हणाल्या.

त्या दिवसापासून सुनेला रेकॉर्ड केलेली बोलणी जाईनाशी झाली. पण पाठवायची सवय अशी सुटते थोडीच? दुपारी गाडी सावलीत लावली की बोटं शिवशिवायची. आणि मग एके दिवशी बाईंच्या मनात आलं की जे उद्या पुसलंच जाणार आहे ते लिहायला काय हरकत आहे? कौतुक स्वतःच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी टाइप केलं: "आजचं डावं वळण बरं होतं." पाठवलं आणि चोरी केल्यासारख्या इकडेतिकडे बघू लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर ओळ गायब. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग काय, बाईंची भीड चेपली. आरसा वेळेवर बघितलास. मागे घेताना मान छान वळवलीस. एका दिवशी तर चक्क ‘शाबास’. डॉक्टरने गोड बंद केलेला माणूस जसा कपाटाआड एकेक घास खातो तसं बाईंचं चाललं होतं. गाडीत मात्र तोच पट्टा, तोच दणका. सूनही तशीच पक्की. तिने या संदेशांबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही, उत्तरही दिलं नाही. फक्त चढावर गाडी घसरायची हळूहळू थांबली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी बाईंनी लिहायला घेतलं आणि चहा गार झाला तरी लिहीतच होत्या. एरवी दोन शब्दांत आटपणाऱ्या बाईंचा तो संदेश असा होता:

"तुला गाडी येते. दोनदा नापास झालीस त्यात माझ्या तोंडाचा वाटा आहे. इतकी वर्षं शिकवते, पण कुणाच्याही शेजारी बसून माझा पाय ब्रेकवरून उचलला गेला नव्हता. काल चढावर उचलला गेला. गाडी वर गेल्यावर माझ्या लक्षात आलं. उद्या काहीही होवो, हे खरं आहे. तू मला फार आवडतेस."

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा पुसलं आणि तिसऱ्यांदा तसंच जाऊ दिलं. उद्या जाईलच.

परीक्षेला शिकवणाऱ्याला गाडीत बसू देत नाहीत. बाई मैदानाच्या कडेला भिंतीशी उभ्या होत्या. सून परीक्षक साहेबांना घेऊन चढावर गेली, अर्ध्यावर थांबली, आणि इकडे बाईंचा उजवा पाय आपोआप जमिनीत रुतला. गाडी क्षणभर तिथेच थरथरली. मग एक बोटभरही मागे न येता सरळ वर गेली. बाईंनी पाय उचलला आणि रुमालाने डोळे पुसले. कुणी पाहिलं तर धूळ होतीच. सून उतरून हसत आली तेव्हा त्या म्हणाल्या की हँडब्रेक अंमळ उशिरा सोडला.

घरी पोचल्या तोच, दुपार व्हायच्या आत, फोन वाजला. सुनेने तुमचा संदेश जपून ठेवला आहे, असं त्यावर लिहून आलं होतं. बाईंनी घाबरून मुलाला बोलावलं. त्याने समजावून सांगितलं की पुसला जायच्या आधी कुणी संदेश ठेवून घेतला तर तो तसाच राहतो, पण लिहिणाऱ्याला पसंत नसेल तर त्याने नको म्हणावं, म्हणजे जातो. नको म्हणायचं कुठे, ते त्याने बोट ठेवून दाखवलं. आत काय लिहिलं आहे ते वाचायचा त्याने प्रयत्न केला, तेव्हा बाईंनी फोन पदराखाली घेतला. इतक्या वर्षांची कमावलेली अब्रू होती. रात्रभर विचार केला, पण बटण दाबलं नाही.

लॅबची गाडी मिळाली त्या सकाळी सुनेने पहिली फेरी सासूबाईंना घेऊन मारली. बाई शेजारी बसल्या आणि सवयीने उजवा पाय पुढे केला. तिथे ब्रेक नव्हता. साधी गाडी, शेजारच्या माणसाने नुसतं बसायचं. गाडी अजून उभी होती तेवढ्यात त्यांनी फोन काढला.

"अहो, तो संदेश तेवढा काढून टाका. आपल्या गिऱ्हाइकांच्या हाती लागला तर कोणी मला घाबरणार नाही."

सुनेने किल्ली फिरवली, गिअर टाकला, आरशात पाहिलं.

"गाडी चालू आहे आई. चालत्या गाडीत मी फोनला हात लावत नाही. तुम्हीच शिकवलंय. नको असेल तर तुम्ही काढा, तुमच्या हातात आहे."

बाई फोनकडे बघत राहिल्या. मग तो पर्समध्ये टाकून त्यांनी चेन ओढली. गाडी चढाला लागली, तसे पाय कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी दोन्ही बूट काढले आणि सीटवर मस्त मांडी घातली.

"अगं, जरा जोरात घे," त्या म्हणाल्या.