सुलक्षणाच्या दारातला टब

भांडुपच्या टेकडीवर आमच्या चाळीत सुलक्षणाचं घर माझ्या शेजारी. कामावर जाणाऱ्या बायका आपली पोरं तिच्याकडे ठेवायच्या, तिची नात श्रुतिकाही त्यांच्यातच. बाई एकदम कडक. दाराशी कायम पाण्याचा निळा टब. गावी मालवणाकडं बाहेरून आलेला माणूस हातपाय धुऊनच घरात शिरायचा, तीच रीत तिनं इथं चालवली. हात न बुडवता कुणी जेवायला बसलं की पाठीत धपाटा.

पण आमच्याकडे पाणी येतं सकाळी तासभर. एकदा टब भरला की संध्याकाळपर्यंत तेच पाणी. संडासातून आलेलं पोरही त्यातच हात बुडवणार आणि त्याच हातानं भात खाणार. साबणानं पाणी खराब होतं म्हणून साबण वर फळीवर. तिच्या मनात वाईट काही नव्हतं हो, पाणी जपायची सवयच तशी लागलेली.

मे महिन्यात पोरांना हगवण लागली. बाकीची सावरली, श्रुतिका गेली. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरीणबाईंनी घरचं सगळं विचारून घेतलं. टबाचं ऐकल्यावर हळूच म्हणाल्या, "आजी, एका पाण्यात सगळ्यांनी हात धुतले की एकाचा आजार सगळ्यांना होतो. साबण लावून वरून पाणी ओतायचं. तांब्याभर पुरतं." जूनमध्ये पोरगी पहिलीत जायची होती, नवं दप्तर खुंटीला होतं. मला अजून त्या खुंटीकडे बघवत नाही.

टब तिनं फोडला, पोरं सांभाळणं सोडलं. श्रुतिकाची आई, सून जान्हवी, तिला एक शब्द बोलली नाही, तेच तिला जास्त लागलं.

शाळा उघडली तशी सुलक्षणा शाळेतल्या बाईंना विचारून तिथं जायला लागली. खिचडी वाढायच्या आधी पहिलीच्या वर्गाबाहेर साबण आणि तांब्या घेऊन उभी राहायची. "नीट चोळ रे मेल्या, नखातला काढ," असं करत एकेकाच्या हातावर पाणी घालायची.

ती पोरं आता तिसरीत गेली, ही मात्र पहिलीच्याच दाराशी. मी एकदा म्हटलं, "अगं, मोठ्यांच्या वर्गाकडे पण जा की. इथंच काय अडकून बसलीस?"

तिनं तांब्या भरून घेतला. म्हणाली, "वनमाला, माझी श्रुतिका अजून पहिलीतच आसा गो."