हाडांच्या गिरणीचं बेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आणि त्याच्याशी तर मी भाजीतल्या मिठावरूनसुद्धा भांडत आलेय.

शिवडीच्या पुढे खाडीत एक चिमुकलं बेट होतं. आता नाही. भराव टाकून ते किनाऱ्याला जोडलं, वर कंटेनर रचले. त्या बेटावर हाडांची गिरणी होती. होड्या भरभरून जनावरांची हाडं यायची. दळून खत व्हायचं, उकळून सरस. परळमधल्या किती खुर्च्या त्या सरसानं जोडल्या असतील, कुणाला ठाऊक? माझे बाबा तिथं भट्टीवर होते. घरी आले की नळावर अंग घासघासून धुवायचे — तरी वास यायचा. कसला, सांगू? नको. परळच्या आमच्या चाळीतल्या मुली मला ‘बेटावरची’ म्हणायच्या.

मग गिरगावातलं स्थळ आलं. सगळे कचेरीत जाणारे. मुलाला मी सांगितलं, बाबा कापडगिरणीत आहेत. परळच्या माणसाबद्दल तशी शंका कोण घेणार?

लग्नाआधी भटजी घरी आले. आई केव्हाच गेली होती, म्हणून बाबांनी भीतभीत विचारलं — कन्यादान मला एकट्याला करता येईल का? भटजी म्हणाले, न यायला काय झालं? कमरेला सुपारी लावा, तीच पत्नीच्या जागी. बाबा त्याच संध्याकाळी सुपारी घेऊन आले. चांगली निवडून आणली होती.

आणि मी म्हटलं, “काका-काकूच बसू देत ना. जोडीनं बरं दिसतं.”

बरं दिसतं! शेजारी सासरे बसणार, त्यांना वास येईल — एवढीच माझी भीती होती. बाबांना ते कळलं. मला कळलं की त्यांना कळलंय. तरी मी शब्द मागे घेतला नाही — खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं मला. शेवटी तेच म्हणाले, “मगे मी दारात उभो रवतंय गो, पावण्यांका अत्तर लावूक. थंय वास कळूचो नाय.”

माझ्या लग्नात बाबांनी आल्यागेल्याच्या मनगटाला अत्तर लावलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी दाराकडे पाहिलं नाही. पुढे सासरीही त्यांना कधी बोलावलं नाही. त्या सुपारीचं त्यांनी काय केलं, तेही विचारलं नाही. आता कुणाला विचारू?

माझं माहेर परळचं, म्हणून गेल्या महिन्यात कॉलेजची दोन मुलं घरी आली. त्या बेटाची माहिती गोळा करत होती बिचारी. म्हणाली, “आजी, तिथं काम केलेलं कुणी सापडतच नाही हो. तुमच्यापैकी कुणी होतं का?”

नवरा शेजारी पेपर वाचत बसला होता.

“छे,” मी म्हटलं, “आमच्यातलं कुणीच नाही.” वर त्यांना चहा दिला.

लग्नात बाबा निदान आपल्या पायांनी दारापर्यंत गेले होते. या वेळी मी त्यांना ढकललं.